पेट्रोल पिणारी जीप

"ॲव्हरेज काय देते?" आमच्या घरासमोर थांबणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो. रंग छान आहे, इंजिन चालू आहे का, किती सालची आहे, हे सगळं नंतर. मी खरा आकडा सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघत राहते. सुरुवातीला तो आकडा होता लिटरला साडेपाच किलोमीटर. आता साडेसातच्या आसपास आहे. पेट्रोल शंभरी ओलांडून बसलेलं असताना किलोमीटरला चौदा रुपये फक्त पेट्रोलचे! एवढ्या पैशात रिक्षानं आरामात फिरता येईल, असं पप्पा रोज सांगतात. आणि गणित म्हणून ते चूकही नाही.

पण मित्रांनो, आपण इंजिनिअरिंगची मुलं. "जुनी गाडी आहे, पिणारच" एवढ्यावर आपलं समाधान होऊ नये. नक्की का पिते? त्यातलं किती तिच्या जन्मजात रचनेमुळे, किती म्हातारपणामुळे, आणि किती आपल्याला कमी करता येण्यासारखं? गेलं वर्षभर सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून मी हेच शोधत होते. त्याचा हा हिशेब.

आधी गाडीची ओळख. ही महिंद्राची पेट्रोल जीप, सीजे-थ्री-बी जातीची, कागदावर १९६९ ची. आबांनी (म्हणजे माझ्या आजोबांनी) ती सरकारी लिलावात घेतली. १९७२ च्या दुष्काळाआधी की नंतर, यावर घरात अजून वाद आहे. मोहोळ तालुक्यातल्या शेतावर जायला तेव्हा रस्ता नव्हता, बैलगाडीची चाकोरी होती. त्या चाकोरीतून ज्वारीची पोती, कांदा, आजारी माणसं, सगळं हिनंच आणलं.

जीपचं मूळ अमेरिकन सैन्यात. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी त्या लाखोंनी बनवल्या. युद्ध संपल्यावर विलिसनं शेतकऱ्यांसाठी तीच गाडी 'सिव्हिलियन जीप' म्हणून काढली, सीजे म्हणजे तेच. आपल्याकडे १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची कंपनी सुरू झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले, तर इकडे १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. मुंबईत माझगावला सुटे भाग जोडून जीपा तयार व्हायला लागल्या. जपानमध्ये हीच थ्री-बी मित्सुबिशीनं लायसन्सवर बनवली, आणि पुढे त्याच मित्सुबिशीची पजेरो आली. १९४८ ची पहिली लँड रोव्हरसुद्धा जीप बघूनच सुचलेली, तिच्या घराण्यात १९७० साली रेंज रोव्हर जन्मली. म्हणजे आज कोटीच्या भावात विकल्या जाणाऱ्या लेदर सीटवाल्या गाड्यांची आजी आमच्या अंगणात उभी आहे. आजीला काचा नाहीत, एसी नाही, दारंसुद्धा नाहीत. तिची चैन एकच, पेट्रोल!

आता मुद्द्याचं. थ्री-बीचं बॉनेट आधीच्या जीपांपेक्षा उंच, डोकं वर काढल्यासारखं का दिसतं, ते मला सेकंड इयरला कळलं. युद्धातल्या जीपच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलेंडरच्या शेजारी असत. थ्री-बीच्या 'हरिकेन' इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच ठेवला. याला एफ-हेड म्हणतात. इंजिनाची उंची वाढली, म्हणून १९५३ साली बॉनेट वर उचलावं लागलं. इंजिन चार सिलेंडरचं, सुमारे २२०० सीसी, ताकद ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास. आजच्या छोट्या हॅचबॅकचं १२०० सीसीचं इंजिन ही तेवढी ताकद सहज देतं.

मग बाकीचे हजार सीसी जातात कुठे? पहिलं कारण कॉम्प्रेशन रेशो. एफ-हेडमध्ये कम्बशन चेंबर वाकडातिकडा, आणि त्या काळचं पेट्रोल कमी ऑक्टेनचं, त्यामुळे रेशो जेमतेम ७ ठेवला. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात ऑटो सायकलचं सूत्र आपण सगळ्यांनीच लिहिलंय. ७ घाला, आदर्श एफिशियन्सी ५४ टक्के येते. आजच्या इंजिनाचा १०.५ घाला, ६१ टक्के येते. प्रत्यक्षात दोन्ही आकडे याच्या निम्म्यावर येतात ही गोष्ट वेगळी, पण फरक टिकून राहतो. म्हणजे इंजिन अगदी नवंकोरं असतं तरी आठातला एक भाग पेट्रोल इथेच गेलं.

दुसरं कारण गिअरिंग, आणि मला वाटतं मोठं कारण हेच. मागच्या ॲक्सलचं कव्हर काढून मी दात मोजले, क्राऊनचे ४३ आणि पिनियनचे ८. रेशो आला ५.३८. गिअरबॉक्स तीनच गिअरचा, तिसरा म्हणजे डायरेक्ट. ओव्हरड्राइव्ह नाही. टायर ६.००-१६ चा, त्याचा घेर साधारण सव्वादोन मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर. १००० भागिले २.२३, म्हणजे चाकाचे ४४८ फेरे, गुणिले ५.३८, इंजिन चोवीसशेवर. ताशी ८० ला बत्तीसशेच्या वर! साध्या नवीन गाडीचं इंजिन ८० ला पाचव्या गिअरमध्ये बावीसशेच्या आसपास निवांत फिरत असतं. आमची बिचारी तिथे किंचाळत असते. म्हणून आबा तिला कधी साठच्या वर नेत नसत. मला वाटायचं ते घाबरतात. ते कान देऊन चालवत होते.

पण हाच ५.३८ चिखलात सोनं आहे. ट्रान्सफर केसचा लो रेंज २.४६, पहिला गिअर २.८०, तिन्हींचा गुणाकार ३७. इंजिनाचा टॉर्क सुमारे १५५ न्यूटन-मीटर, तो चाकापर्यंत येईतो (घर्षण सोडून) साडेपाच हजारांच्या वर जातो. आणि इंजिन हजार आरपीएमवर असताना गाडी ताशी साडेतीन किलोमीटरनं चालते. म्हणजे माणसाच्या चालीपेक्षा हळू. काळ्या मातीत पहिल्या पावसानंतर ट्रॅक्टर सुद्धा फसतात, तिथे ही न घसरता सरकत सरकत निघते. सातशे किलो कांदा घेऊन निघत असे, असं आबा सांगतात. एवढा भार कुणी लादू नये हे खरं, पण लादला जायचा हेही खरं.

इथे एक सूचना, कारण हॉस्टेलचे काहीजण नवीन फोर-बाय-फोर घ्यायच्या गप्पा मारत असतात. जुन्या जीपच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल नसतं. डांबरी रस्त्यावर वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक थोडं घसरून हिशेब जुळवतं, डांबरावर घसरत नाही, आणि सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरवर येतो. तेव्हा "फोर व्हील टाकली की जास्त ग्रिप" म्हणून सात रस्त्याला फोर व्हीलमध्ये वळू नका. काहीतरी तुटेल, आणि तेही महागातलंच.

एवढं झालं रचनेचं. यावर आपण काही करू शकत नाही. आता म्हातारपणाचं.

मिस्त्रीकाकांनी पहिल्याच दिवशी बॉनेट उघडून सांगितलं, "डिझेल टाका, बाकी उपाय नाही." हा सल्ला महाराष्ट्रभर हजारो पेट्रोल जीपांना मिळाला, आणि बहुतेकांनी तो ऐकला. म्हणूनच मूळ पेट्रोल इंजिनवाली जीप आज शोधावी लागते. आर्थिकदृष्ट्या सल्ला बरोबर होता. पण मी हट्ट धरला की आधी कॉम्प्रेशन मोजू. चारही प्लग काढले, गेज लावलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला. आकडे आले ११०, १०५, ७०, १०८. या इंजिनाला १२० च्या पुढे हवं. म्हणजे तीन सिलेंडर वयाच्या मानानं ठणठणीत, आणि तिसरा आजारी.

आजार कुठला, हे हेड न खोलता कळतं. प्लगच्या भोकातून त्या सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकायचं आणि परत मोजायचं. ऑइल रिंगांच्या फटी बुजवतं. आकडा एकदम वाढला तर रिंगा गेल्या, म्हणजे बोअर, पिस्टन, मोठा खर्च. वाढला नाही तर हवा व्हॉल्व्हमधून जातेय. आमचा ७० चा ७४ झाला, बस. मिस्त्रीकाका हसले, म्हणाले, "वॉल जळालाय. इंजिन नाय मेलं." त्या एका चमचा ऑइलनं डिझेलचा विषय आमच्या घरात बंद झाला.

एफ-हेडची गंमत इथे कळते. वरचं हेड उचललं की इनटेक व्हॉल्व्ह हेडबरोबर हातात येतात, पण जळालेला एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच राहतो. त्याच्यासाठी मॅनिफोल्ड काढायचा, ब्लॉकच्या बाजूची झाकणाची पट्टी काढायची, आणि आत हात घालून स्प्रिंग दाबायची. माझा हात बारीक म्हणून ते काम माझ्याकडे आलं. नवीन व्हॉल्व्ह पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. जीपचा हा मोठा फायदा, की याच घराण्याच्या गाड्या आपल्या देशात २०१० पर्यंत बनत होत्या, त्यामुळे पार्ट मिळतात. एखाद्या परदेशी लक्झरी गाडीचा पन्नास वर्षं जुना व्हॉल्व्ह शोधून बघा! बाकीचे सात व्हॉल्व्ह पेस्ट लावून हातानं घासले. टॅपेट थंड इंजिनावर इनटेक ०.०१८ इंच, एक्झॉस्ट ०.०१६. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. हेडचं पॅकिंग नवीन. पॉइंट ०.०२० ला, प्लग ०.०३० ला. या सगळ्यानंतर तुळजापूरला जाऊन आलो आणि टाकी गळ्यापर्यंत भरून मोजलं, सातच्या जवळ.

मग आलं कार्बोरेटर, आणि इथे गोष्ट थेट आपल्या जिल्ह्यात येऊन पोचते.

महाराष्ट्रात साखर कारखान्यांची गर्दी जिथे सगळ्यात जास्त, त्या जिल्ह्यांत आपलं सोलापूर वरच्या नंबरात. उसाच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल बनतं, ते पेट्रोलमध्ये मिसळतात. २०२५ मध्ये हे प्रमाण देशभरात २० टक्क्यांवर गेलं. म्हणजे आमच्या शेतातला ऊस फिरून फिरून आमच्याच जीपच्या टाकीत येतो. शेतकऱ्याच्या पदरात त्यातून काही पडत असेल तर आनंदच आहे. पण १९६९ च्या जीपला हे पेट्रोल कुणी विचारून बनवलेलं नाही!

तीन गोष्टी होतात. एक, रबर. जुने होज, पंपाचा डायफ्राम, सील, हे इथेनॉलमध्ये फुगतात, मऊ होतात, नंतर चिरतात. जीपची पेट्रोल टाकी थेट ड्रायव्हरच्या सीटखाली असते, हे लक्षात घेतलं की चिरलेल्या होजचा विषय लांबणीवर टाकावासा वाटत नाही. आम्ही सगळी लाइन बदलली, इथेनॉल चालणारे होज आणि डायफ्राम घातले. हा खर्च कुणीही टाळू नये, बाकी पेंट वगैरे नंतर.

दोन, पाणी आणि घाण. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतो, आणि टाकीच्या तळाला वर्षानुवर्षं चिकटलेला मळ सोडवतो. गाडी महिनोनमहिने उभी असेल तर आतून गंज. टाकी उतरवून धुतली तेव्हा लाल चहासारखं काहीतरी निघालं. आता लाइनमध्ये पारदर्शक फिल्टर आहे, आणि आठवड्यातून एकदा तरी जीप चालवायचीच असा नियम.

तीन, मिश्रण. पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. नवीन गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो, ईसीयू स्वतःच पेट्रोल वाढवतो. आमच्या सोलेक्स कार्बोरेटरला सेन्सर बिन्सर काही माहीत नाही, तो भोकातून जेवढं जाईल तेवढं देतो. म्हणजे इंजिन नऊ टक्के उपाशी, मिश्रण लीन. गाडी चढावर धक्के खाते, गरम होते, प्लग पांढरेफटक दिसतात. आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायचं एक कारण लीन मिश्रण हेही आहेच.

उपाय जेटमध्ये. सोलेक्सच्या जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलीमीटरच्या शंभराव्या भागात. आमचा होता १३०, म्हणजे १.३० मिलीमीटर. पेट्रोल क्षेत्रफळाच्या प्रमाणात जातं, क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या. १३५ चा जेट घातला तर वाढ ७.८ टक्के. जवळजवळ हवी तेवढी! पाच शतांश मिलीमीटरचा फरक, पण दुसऱ्या दिवसापासून गाडी चढावर धक्के खाईना. प्लग आता बिस्किटाच्या रंगाचे निघतात. गंमत बघा, जास्त पेट्रोल सोडून ॲव्हरेज थोडं वाढलं, सात वरून साडेसात, कारण आता तोच चढ दुसऱ्या गिअरऐवजी तिसऱ्यात निघतो. मात्र इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जाच पेट्रोलच्या दोन तृतीयांश असते, त्यामुळे या मिश्रणात सहा-सात टक्के मूळचीच कमी. ती कुठलाच जेट भरून देणार नाही.

उन्हाळ्याचं वेगळंच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ ला जातो, तेव्हा पंपातच पेट्रोलची वाफ होते. पंप कॅमशाफ्टवर चालणारा, इंजिनाला चिकटून बसलेला. वाफ दाबली जाते पण पुढे जात नाही, पंप नुसता धडधडतो आणि गाडी बंद. तुळजापूरच्या घाटात दुपारी दोन वाजता हा अनुभव आला. आबांनी शांतपणे पाण्याची बाटली आणि सोलापुरी टॉवेल काढला, ओला करून पंपावर गुंडाळला, दहा मिनिटं झाडाखाली बसलो, गाडी सुरू. टर्किश टॉवेलचा एवढा वैज्ञानिक उपयोग त्याच्या कारखान्यालाही माहीत नसेल. नंतर मी लाइन एक्झॉस्टपासून लांब वळवली आणि मध्ये पत्र्याचा आडोसा लावला. टॉवेल तरीही गाडीत असतो.

बॉडीबद्दल फार लिहीत नाही. सोलापूरची कोरडी हवा, त्यामुळे पत्रा टिकला. कोकणातली जीप असती तर या लेखाचा विषयच निघाला नसता. ड्रायव्हरच्या पायाखालचा तुकडा कापून नवा वेल्ड केला, एवढंच.

आता कागद. माझ्या मते जुनी गाडी ठेवणाऱ्याचा निम्मा जीव यातच जातो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी फिटनेस तपासून नूतनीकरण आणि पर्यावरण कर. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं वीस वर्षांपेक्षा जुन्या चारचाकीची नूतनीकरणाची फी पाच हजारांवरून दहा हजार झाली. दुसरी वाट २०२१ च्या नियमांची. पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात असलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. त्याची फी वीस हजार, नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. इंजिन, चेसिस बदललेली असेल तर नाही, म्हणजे डिझेल टाकलं असतं तर हा दरवाजा कायमचा बंद. पण व्हिंटेजची अट अशी, की गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच.

यावर घरात तीन दिवस चर्चा चालली. पप्पांचं म्हणणं व्हिंटेज करा, शोभेला राहील, पेट्रोलही वाचेल. नाहीतर फिटनेसला नापास झाली की सरळ स्क्रॅपला द्या, दर पाच वर्षांनी हा ताप नको. आबा एरवी या विषयावर बोलत नाहीत. ते एवढंच म्हणाले, "शेतावर न्यायची नसंल तर ठेवून काय करायचं?" ते आता ८४ वर्षांचे आहेत. बसमध्ये चढता येत नाही, कारमध्ये वाकून बसता येत नाही, गुडघे दुखतात. जीपची सीट मात्र बरोबर त्यांच्या कमरेच्या उंचीची. दार नसल्यामुळे आडवं वळून बसलं की झालं. मी साधं नूतनीकरण निवडलं. पप्पांनी फॉर्मवर सही केली, पण एक अट घालून: यावेळी पास झाली तर ठीक, नापास झाली तर पुन्हा पैसे नाहीत.

म्हणून सध्या सगळं लक्ष ब्रेकवर. चारही चाकांना ड्रम, आणि हायड्रॉलिक सर्किट एकच. आजच्या गाड्यांत दोन सर्किट असतात, एक फुटलं तर दुसरं उरतं. इथे एका चाकाचा सिलेंडर गळला की पेडल थेट फळीला आणि चारही चाकांचा ब्रेक शून्य. हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर लागतो. उभ्या गाडीला उत्तम, चालत्या गाडीत ओढू नये. मास्टर सिलेंडरचे कप बदलले, पुढची दोन चाकं झाली, मागचं उजवं झालं. मागच्या डाव्या चाकाच्या सिलेंडरला आतून गंजाचे खड्डे आहेत, ते होनिंग करून निघेनात, म्हणून नवीन मागवलाय. तो आला की चारही चाकांची हवा काढायची. त्यासाठी एकजण पेडलवर आणि एकजण चाकापाशी लागतो. पेडल दाबायला आबा तयार आहेत. फिटनेसची तारीख पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे.